दारावरची यादी आणि भिंतीवरचे चित्र

कलेला जात नसते, धर्म नसतो, वर्ण नसतो, असे आपल्याकडचे प्रस्थापित समीक्षक वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. पण कला जेथे जन्माला येते ती जागा, जेथे विकली जाते ती जागा आणि या दोहोंमधला रस्ता, यांना मात्र जात असते. वर्ण असतो. भाडे असते. आणि दारावर एक माणूस उभा असतो, ज्याच्या हातात नावांची यादी असते.

जगभर भरणारे समकालीन कलेचे मेळे आणि त्यांच्या अवतीभवती होणाऱ्या ‘अंडरग्राउंड’ मैफली यांची माहिती आपल्या वाचकांना द्यावी आणि ती आपल्या प्रश्नांशी ताडून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. चिरेबंदी वाड्यातल्या लोकांच्या या करमणुकीशी आपला काय संबंध, असे एखादा कार्यकर्ता विचारील. संबंध आहे. अमेरिकेतील ज्या काळ्या जनतेच्या ब्लॅक पँथर चळवळीवरून १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी दलित पँथर हे नाव घेतले, त्याच जनतेच्या वस्त्यांतून या मैफलींची आणि त्यातल्या बऱ्याच कलेची सुरुवात झाली. ती कला कोणी निर्माण केली आणि ती कोणाच्या घरात गेली, हे पाहणे म्हणजे आपलाच एक अनुभव दूरच्या आरशात पाहणे आहे.

१. मेळा म्हणजे काय?

कलामेळा म्हणजे प्रदर्शन नव्हे. प्रदर्शनात चित्र पाहायला ठेवतात, मेळ्यात ते विकायला ठेवतात. १९६७ मध्ये पश्चिम जर्मनीतील कोलोन शहरात १८ कलादालनांनी एकत्र येऊन ‘कुन्स्टमार्क्ट’, म्हणजे सरळ शब्दांत कलाबाजार, भरवला. आजच्या मेळ्यांची सुरुवात तेथून मानली जाते. निदान नावात तरी लपवाछपवी नव्हती. १९७० मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल शहरात स्थानिक दालनमालकांनी याहून मोठा मेळा भरवला. १० देशांतली ९० दालने आली आणि १६ हजारांवर माणसे पाहायला आली. हाच ‘आर्ट बाझल’. २००२ मध्ये तो अमेरिकेतील मायामी बीचवर, २०१३ मध्ये हाँगकाँगला आणि २०२२ मध्ये पॅरिसला गेला. लंडनचा ‘फ्रीझ’ २००३ मध्ये सुरू झाला. दिल्लीत २००८ मध्ये पहिला मोठा मेळा भरला, तो आज ‘इंडिया आर्ट फेअर’ म्हणून ओळखला जातो.

वरवर पाहता ही रचना आपल्या आठवडी बाजारासारखी वाटते. गाळे, भाडे, भाव. पण आठवडी बाजारात म्हातारी बाईसुद्धा भाजीची टोपली घेऊन कडेला बसू शकते. येथे तसे बसता येत नाही. मोठ्या मेळ्यांत गाळा दालनाला मिळतो, चित्रकाराला नाही. दालनाने अर्ज करायचा, निवड समितीने तो तपासायचा, आणि त्या समितीत बहुधा इतर दालनांचेच मालक असतात. दारे सर्वांना उघडण्याआधी एकदोन दिवस फक्त निमंत्रितांचे असतात. तिकीट काढून येणारा विद्यार्थी किंवा शिक्षक आत शिरतो, तोवर महत्त्वाचे व्यवहार उरकलेले असतात. तो बाजार पाहत नाही, बाजार झाल्यानंतरचे गाळे पाहतो.

पैशाची वाटणीही समजून घेतली पाहिजे. पहिल्या विक्रीत साधारणपणे अर्धा वाटा दालनाचा आणि अर्धा चित्रकाराचा असतो. पुढे तेच चित्र लिलावात शंभरपट भावाने विकले गेले, तरी अमेरिकेत चित्रकाराला त्यातला वाटा देण्याची कायद्याने सक्ती नाही. घाम एकदाच विकला जातो. नफा मात्र पुन्हा पुन्हा होतो.

मग भाव ठरतो कशावरून? २०१९ च्या मायामी बीच मेळ्यात मौरीत्सिओ कातेलान या इटालियन कलावंताने एक केळे चिकटपट्टीने भिंतीला चिकटवले आणि त्याची किंमत १ लाख २० हजार डॉलर लावली. घेणाऱ्याला मिळते ते प्रमाणपत्र आणि केळे कसे चिकटवावे याच्या सूचना. केळे नासले की नवे आणायचे. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात या कृतीच्या एका प्रतीला ६२ लाख डॉलर मिळाले. त्या दिवशी भिंतीवर असलेले केळे रस्त्यावरच्या फळवाल्याकडून ३५ सेंटला आणलेले होते. कलावंताने बाजाराची थट्टा केली, असे म्हणतात. केली असेल. पण बाजाराने थट्टाही विकत घेतली. यातून एक गोष्ट उघड होते. भाव वस्तूत नसतो. ती कोणत्या भिंतीवर आहे, त्या खोलीत कोणाला प्रवेश आहे आणि कोणाला नाही, यात तो असतो. शिवाशिवीच्या व्यवस्थेत वाढलेल्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागत नाही. पाणी तेच, पण तळे कोणाचे यावर त्याची पवित्रता ठरत होती.

२. ‘अंडरग्राउंड’ म्हणजे काय?

आपल्याकडे भूमिगत म्हटले की १९४२ ची चळवळ किंवा आणीबाणी आठवते. येथे अर्थ वेगळा आहे. परवान्याबाहेर, जाहिरातीबाहेर, तोंडोतोंडी निरोप देऊन पडीक गोदामात, तळघरात, गॅरेजमध्ये जमणारी मैफल म्हणजे अंडरग्राउंड मैफल. गाणे, नाच, चित्र, कविता, वेशभूषा यांच्या सीमा तेथे पुसल्या जातात. माणसे अशी लपून का जमत होती? हौस म्हणून नव्हे. उघड्यावर जमायला जागा नव्हती म्हणून.

११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १५२०, सेजविक अॅव्हेन्यू या इमारतीच्या सामायिक खोलीत सिंडी कॅम्पबेल या काळ्या मुलीने एक मैफल भरवली. शाळेसाठी नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते. मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट प्रवेशमूल्य होते. तिचा भाऊ, जमैकाहून आलेला कूल हर्क, तबकड्या वाजवत होता. हिप-हॉपचा जन्म याच रात्री झाला, असे मानतात. ज्या ब्राँक्समध्ये हे घडले, त्याच्या पोटातून सरकारने आधीच रुंद महामार्ग नेला होता. हजारो कुटुंबांची घरे त्याखाली गेली होती.

त्याआधी १९७० मध्ये डेव्हिड मॅन्क्युसो याने ब्रॉडवेवरील आपल्या राहत्या माडीवर मैफली सुरू केल्या होत्या. ‘द लॉफ्ट’ या नावाने त्या प्रसिद्ध झाल्या. दारू विकली जात नसे. प्रवेशमूल्यातच खाणे मिळे. येणाऱ्यांत काळे, पोर्तो रिकन आणि समलिंगी तरुण मोठ्या संख्येने असत. १९७७ ते १९८७ या काळात किंग स्ट्रीटवरच्या जुन्या गॅरेजमध्ये ‘पॅराडाइज गॅरेज’ चालले. तेथे लॅरी लेव्हन हा काळा तरुण तबकड्या वाजवी आणि माणसे सकाळपर्यंत नाचत. कीथ हॅरिंग हा चित्रकार तेथे नियमाने जाई. १९७८ ते १९८३ पर्यंत ‘मड क्लब’ होता आणि त्याच्या वरच्या मजल्यावर चित्रे लागत. जून १९८० मध्ये टाइम्स स्क्वेअरजवळच्या एका ओस पडलेल्या इमारतीत कलावंतांच्या एका गटाने प्रदर्शन भरवले. झाँ-मिशेल बास्किया हा जेमतेम १९ वर्षांचा मुलगा त्यातून पुढे आला. त्याचे वडील हैतीचे आणि आईचे घराणे पोर्तो रिकोचे होते. त्याआधी तो न्यूयॉर्कच्या भिंतींवर ‘सेमो’ या टोपणनावाने वाक्ये लिहीत असे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. लॉफ्टलाही निमंत्रण लागे. पॅराडाइज गॅरेजलाही सभासदत्व होते. म्हणजे यादी तेथेही होती. मग फरक काय? फरक यादी कोणापासून रक्षण करते, यात आहे. ज्या शहरात दोन पुरुष एकत्र नाचले तरी पोलिसांचा छापा पडे, तेथे आपल्या माणसांची यादी हे आश्रयाचे साधन होते. मेळ्याच्या दारावरची यादी संपत्तीचे राखण करते. एक यादी छळ होणाऱ्याला आत घेते, दुसरी त्याला बाहेर ठेवते. दोन्ही कागद सारखेच दिसतात. आपल्या चळवळीतसुद्धा ‘फक्त आपलीच माणसे’ असे म्हणताना, आपण यांपैकी कोणती यादी लिहीत आहोत हे विचारायला हवे.

३. मैफलीतून घरी जाताना

१५ सप्टेंबर १९८३ ची पहाट. ईस्ट व्हिलेजमधील ‘पिरॅमिड क्लब’ या नाचघरातून मायकेल स्टुअर्ट हा २५ वर्षांचा काळा तरुण घरी निघाला. तोही चित्रे काढत असे. फर्स्ट अॅव्हेन्यूच्या भुयारी रेल्वे स्थानकात भिंतीवर लिहीत होता, असे म्हणून पोलिसांनी त्याला पकडले. काही वेळाने त्याला रुग्णालयात नेले तेव्हा त्याचे हातपाय बांधलेले होते आणि नाडी लागत नव्हती. १३ दिवस तो बेशुद्ध होता. २८ सप्टेंबरला तो गेला. सहा पोलिसांवर खटला झाला. ज्यूरीत एकही काळा माणूस नव्हता. नोव्हेंबर १९८५ मध्ये सर्वांची निर्दोष सुटका झाली.

बास्किया या बातमीने हादरला. आपणही त्या जागी असू शकलो असतो, हे तो ओळखून होता. कीथ हॅरिंगच्या चित्रशाळेच्या भिंतीवर त्याने एक चित्र काढले. मधोमध एक काळी आकृती आणि दोन्ही बाजूंनी दंडुके उगारलेले पोलीस. ते विकण्यासाठी काढलेले नव्हते, एका मित्राच्या भिंतीवर काढलेला आक्रोश होता तो. १९८५ मध्ये हॅरिंगने ती जागा सोडताना तेवढा भाग भिंतीतून कापून घेतला आणि त्याला सोनेरी नक्षीची चौकट बसवली. १९९० मध्ये एड्सने त्याचा मृत्यू झाला तेव्हा ते चित्र त्याच्या पलंगावर लावलेले होते.

आता वर्षे जुळवून पाहा. भिंतीवर लिहिले म्हणून मायकेल स्टुअर्टला पकडले, ते १९८३ साल. त्याच दोनतीन वर्षांत भिंतीवर लिहिणाऱ्यांची चित्रे कॅनव्हासवर आणून न्यूयॉर्कची दालने विकत होती. म्हणजे भिंतीवरची रेघ हा गुन्हा नव्हताच. ती रेघ दालनमालकाच्या खोलीत काढली तर कला, भुयारी स्थानकात काढली तर गुन्हा. बास्कियाला त्याच्या पहिल्या दालनमालकिणीने दालनाच्या तळघरात काम करायला जागा दिली होती. काळ्या पोराला तळघरात कोंडून चित्रे काढून घेतात, अशी कुजबुज तेव्हा झाली. आपण गोरे असतो तर यालाच ‘निवासी कलावंत’ म्हटले असते, असे त्याचे त्यावरचे म्हणणे होते. १२ ऑगस्ट १९८८ रोजी अमली पदार्थांच्या अतिसेवनाने तो वारला. वय २७.

त्याने १९८२ मध्ये काढलेले कवटीचे एक चित्र १९८४ मध्ये १९ हजार डॉलरना विकले गेले होते. मे २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याच चित्राला ११ कोटी ५ लाख डॉलर मिळाले. काळ्या कलावंताचा हा सन्मान आहे, असे त्या वेळी बरेच बोलले गेले. सन्मान असेल. पण तो मेलेल्या माणसाचा होता, आणि रक्कम विकणाऱ्याच्या खिशात गेली. आपल्याकडे तमाशाच्या फडात आयुष्य घालवून कफल्लक मेलेल्या कलावंतांच्या नावाने पुरस्कार दिले जातात, तेव्हा आपल्याला जो प्रश्न पडतो, तोच येथेही पडतो.

४. मायामी : दोन वस्त्या, एक मेळा

आता आज सर्वांत गाजणाऱ्या मेळ्याकडे, मायामीकडे वळू. दरवर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला मायामी बीचवर आर्ट बाझल भरतो. दिवसा गाळे, रात्री मैफली. मैफली बँका, मद्यकंपन्या आणि कपड्यांच्या कंपन्यांच्या पैशाने होतात. मनगटावरच्या पट्टीच्या रंगावरून कोणी कोठवर जायचे हे ठरते. निमंत्रणपत्रिकेवर पुष्कळदा ‘अंडरग्राउंड’ हा शब्दही असतो. पूर्वी जो शब्द पोलिसांपासून लपणाऱ्यांचा होता, तो आता दारूच्या जाहिरातीचा झाला आहे.

ज्या किनाऱ्यावर हे चालते, तेथे १९६० च्या दशकापर्यंत हॉटेलात राबणाऱ्या काळ्या कामगारांना ओळखपत्र बाळगावे लागे. रात्री तेथे मुक्काम करायची त्यांना मुभा नव्हती. एला फिट्झजेराल्ड किंवा काउंट बेसी यांच्यासारख्या थोर कलावंतांनी मायामी बीचवर गावे-वाजवावे, गोऱ्यांनी ऐकावे, आणि कार्यक्रम संपल्यावर त्यांनी खाडीपलीकडे ओव्हरटाउन या काळ्यांच्या वस्तीत झोपायला जावे, अशी रीत होती. तेथे मध्यरात्रीनंतर ते आपल्या माणसांसाठी पुन्हा गात. खरी मैफल तीच असे. ही मायामीची पहिली अंडरग्राउंड मैफल, आणि ती पुलापलीकडची होती.

१९६० च्या दशकात आंतरराज्य महामार्ग बरोबर याच ओव्हरटाउनच्या मधून नेला. सुमारे ४० हजारांची वस्ती सुमारे १० हजारांवर आली. उरलेल्या भकास घरांच्या गल्लीत, गुडब्रेड अॅलीत, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पर्व्हिस यंग हा काळा तरुण टाकाऊ फळ्यांवर चित्रे रंगवून ओस घरांच्या भिंतींवर ठोकू लागला. तो कोणत्याही कलाशाळेत गेला नव्हता. तुरुंगात असताना त्याचा हात रेघांकडे वळला होता. सार्वजनिक ग्रंथालयातली पुस्तके हीच त्याची शाळा. १९६७ मध्ये शिकागोच्या काळ्या वस्तीत कलावंतांनी आपल्या नायकांची ‘वॉल ऑफ रिस्पेक्ट’ ही भिंत रंगवली होती. अशा भिंतींची चित्रे पुस्तकांत पाहून त्याला स्फूर्ती मिळाली. धावणारे घोडे, गरोदर बाया, नावा, मालमोटारी, अंत्ययात्रा हे त्याचे विषय होते. १९९९ मध्ये मायामीच्या एका धनिक संग्राहक कुटुंबाने त्याच्या चित्रशाळेतली सुमारे ३ हजार चित्रे एकदमच विकत घेतली. २०१० मध्ये तो वारला. त्याची चित्रे आज संग्रहालयांत आहेत. ज्या गल्लीसाठी ती रंगवली, ती गल्ली राहिली नाही.

दुसरी वस्ती विनवुड. पोर्तो रिकन कामगारांची आणि गोदामांची. स्वस्त जागा म्हणून तेथे कलावंत आले, गोदामांत मैफली झाल्या. २००९ मध्ये एका जमीनविकासकाने गोदामांच्या भिंती जगभरच्या भित्तिचित्रकारांकडून रंगवून घेतल्या. पर्यटक आले, उपाहारगृहे आली, भाडी वाढली. जुने रहिवासी गेले आणि त्यांच्यामागोमाग बरेच कलावंतही गेले. चित्र तेथे भाडे वाढवण्याचे अवजार ठरले. डिसेंबर २०१४ मध्ये मेळ्याच्याच आठवड्यात याच विनवुडमध्ये भिंत रंगवताना दिसलेला २१ वर्षांचा एक तरुण पोलिसांना पाहून पळाला, पोलिसांच्या गाडीखाली सापडला आणि काही दिवसांनी वारला. न्यूयॉर्कच्या त्या पहाटेला ३१ वर्षे झाली होती. परवान्याच्या भिंतीसमोर पर्यटक फोटो काढत होते आणि बिनपरवान्याच्या भिंतीशी एक मुलगा मरत होता.

५. प्रवेश आणि मालकी

यातून आपण काय घ्यायचे? मेळे वाईट, तिकडे फिरकू नये, असे मी म्हणणार नाही. आपल्यातल्या काही चित्रकारांची कामे आता अशा मेळ्यांत लागतात आणि त्याचा आनंदच आहे. शतकानुशतके ज्याच्या सावलीचा विटाळ मानला, त्याचे चित्र त्या भिंतीवर लागणे ही लहान गोष्ट नाही. पण प्रवेश आणि मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० मध्ये सुरू झाला आणि १९३५ मध्ये बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. दार उघडा म्हणून झगडणे हा हक्काचा प्रश्न होता. पण दाराआडचे घर कोणाचे, हा त्याहून मोठा प्रश्न होता. त्याचे उत्तर नव्या घरात होते.

म्हणून आपल्या तरुण कलावंतांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, दालनाशी व्यवहार लेखी करावा. काम कोणाला, किती किमतीला विकले हे कळण्याचा हक्क करारात लिहून घ्यावा. दुसरी, आपल्या देशात अमेरिकेहून चांगली एक तरतूद आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५३-अ कलमानुसार मूळ चित्र किंवा शिल्प १० हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर त्या किमतीत कलावंताचा किंवा त्याच्या वारसांचा वाटा आहे. त्याची कमाल मर्यादा १० टक्के आहे. कलम कागदावर आहे, पण मागणाऱ्याशिवाय ते जागे होत नाही. वकिलीचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी हे काम हाती घ्यावे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपली स्वतःची जागा आणि स्वतःचा प्रेक्षक सोडू नये. ब्लॅक पँथर पक्षाच्या वृत्तपत्राचा चित्रकार एमरी डग्लस याची चित्रे २५ सेंटच्या अंकात छापून घरोघर जात, भिंतींवर चिकटवली जात. २००७ मध्ये लॉस एंजेलिसच्या संग्रहालयाने त्याचे मोठे प्रदर्शन भरवले. पण त्याआधी कित्येक वर्षे ती चित्रे त्याच्या लोकांची झालेली होती. संग्रहालयाने त्यांना मोठे केले नाही, संग्रहालय उशिरा आले एवढेच.

आणि आपल्याकडे काय आहे? मायामीला मेळा भरतो त्याच सुमारास, ६ डिसेंबरला, दादरला शिवाजी पार्कवर आणि चैत्यभूमीच्या वाटेवर लाखो माणसे येतात. पदपथावर पुस्तके, बाबासाहेबांच्या तसबिरी, बुद्धाच्या मूर्ती, दिनदर्शिका, गीतांच्या पुस्तिका मांडलेल्या असतात. शाहिरांची पथके गातात. खेड्यातली बाई गाठीचे पैसे सोडून एक तसबीर घेते आणि ती आपल्या घराच्या भिंतीवर लावते. या मेळ्याला निवड समिती नाही, निमंत्रितांचा दिवस नाही, मनगटाला पट्टी नाही. तेथली प्रत्येक तसबीर उत्तम असते असे नाही. तेथे अधिक चांगले चित्र, अधिक धीट शिल्प यायला हवे आणि ते आणणे हे आपल्या चित्रकारांचे काम आहे. त्यांनी दिल्लीच्या मेळ्यात जरूर जावे. पण वर्षातून एक तरी काम या पदपथासाठी करावे, त्या बाईला परवडेल अशा किमतीत छापावे आणि स्वतः तेथे बसून विकावे. त्या दारावर यादी नाही, कारण तेथे दारच नाही.